ड्रोनला रेघ दिसत नाही

ड्रोन उडताना बघायला अख्खं गाव लोटतं. त्याच गावाची डीएक्सएफ होताना बघायला आजवर कोणी आलेलं नाही.

साहजिकच आहे. ड्रोन उडतो तेव्हा शाळा सुटते, पारावरचे म्हातारे कपाळावर आडवा हात धरून वर बघतात, कुत्री भुंकतात आणि एखादी घार चिडून दोन घिरट्या जास्त मारते. सरपंच कडक इस्त्रीत येतात, ड्रोनवाल्या पोराच्या हातातला रिमोट स्वतःच्या हातात घेतात आणि फोटो काढून घेतात. त्या वेळी ड्रोन ठरवून दिलेल्या मार्गावर आपला आपण उडत असतो, म्हणून निभावतं. वीस-पंचवीस मिनिटांत बॅटरी उतरते, ड्रोनही उतरतो, पोहे होतात. मग मेमरी कार्ड शहरात येतं आणि जिथे एसी माणसांसाठी नसून कॉम्प्युटरसाठी लावलेला असतो अशा एका खोलीत आमच्या हवाली होतं. सोबत निरोप असतो, "बाकी सगळं झालंय. नुसतं कॅडमध्ये कन्व्हर्ट करायचंय."

निरोप देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक बटण असतं. तसं बटण आहेही. ते दाबलं की फाइलचं आडनाव बदलतं. स्वभाव जुनाच राहतो.

ड्रोन आणतो ते फोटो. शेकड्यांनी आणि मुद्दाम एकमेकांवर चढवलेले. पुढच्या फोटोत मागच्या फोटोतला पाऊण भाग तरी पुन्हा आलाच पाहिजे, आणि शेजारच्या रांगेतलाही साठ-सत्तर टक्के, असा दंडक आहे. त्यामुळे मारुतीच्या देवळाचा कळस डझनावारी फोटोंत येतो. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत तो कळस ओळखतं आणि कुठून कसा दिसला यावरून तो जागेवर नेमका कुठे असला पाहिजे याचं गणित मांडतं. असंच कौलाचं, हौदाचं, वाळत घातलेल्या गोधडीचं. रात्रभर पंखे घोंघावतात. पहाटे काम 98 टक्क्यांवर येतं आणि लाइट जाते. यूपीएसची बॅटरी बदलायची आहे हे त्याच क्षणी सगळ्यांना आठवतं.

शेवटी हाती काय लागतं, तर कोट्यवधी ठिपक्यांचा एक ढग आणि सगळे फोटो शिवून केलेलं गावाचं एक प्रचंड चित्र. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे 5 सेंटिमीटर धरले, तर एक चौरस किलोमीटर गावाचे 40 कोटी पिक्सेल होतात. त्यातल्या एकालाही आपण भिंत आहोत की म्हैस, याचा पत्ता नसतो. प्रत्येकाला फक्त स्वतःचा रंग ठाऊक.

आणि कॅडला, म्हणजे नकाशे रेखाटायच्या सॉफ्टवेअरला, नेमकं रंगाशी काही देणंघेणं नाही. त्याला रेघ हवी. इथे सुरू, इथे संपली, मधे सरळ. अशा रेघांची फाइल म्हणजे डीएक्सएफ. हा प्रकार 1982 साली ऑटोकॅडबरोबरच जन्माला आला. आमच्या ऑफिसातल्या बहुतेकांपेक्षा तो वयाने मोठा आहे. त्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, फार शिस्तीचं प्रकरण आहे. एका ओळीत सांकेतिक आकडा, खालच्या ओळीत त्याचं मूल्य. 8 आला की खाली लेअरचं नाव. 10 आला की एक्स, 20 आला की वाय, 30 आला की झेड. 62 म्हणजे रंग. अशा आकड्यांची लांबलचक यादी आहे. ती मी आशेने वाचली आहे. तिच्यात 'बहुधा'साठी आकडा नाही. 'झाडामुळे दिसत नाही' यासाठी नाही. 'दोघे भाऊ बोलत नाहीत, नंतर विचारून टाकू' यासाठी तर नाहीच.

तेव्हा हे 40 कोटी बिनमताचे पिक्सेल आणि मतावर ठाम असलेली ती एक रेघ यांच्यामध्ये एक माणूस लागतो. आमच्याकडे ती आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेली एक मुलगी आहे. ती ते शिवलेलं चित्र मागे लावते, त्याच्यावर एकेका घराच्या कोपऱ्यावर क्लिक करत जाते आणि शेवटी सी दाबून पॉलिलाइन बंद करते. क्लिक, क्लिक, क्लिक, सी. गावात किती घरं आहेत ते सरपंचांपेक्षा तिला नक्की माहीत असतं. कोणाच्या मोरीवर पत्रा नाही तेही, पण ते ती सांगत नाही.

हे काम एआय करून देतं, असं हल्ली बरेच जण सांगतात. देतंच. आम्ही लावून पाहिलं. त्याने कडुनिंबाच्या सावलीला घर मानलं, लग्नाच्या मांडवाला गोदाम मानलं आणि खऱ्या वाड्याचे कोपरे असे गोलगरगरीत काढले की पेशव्यांच्या काळात गवंडी गुण्या वापरतच नसत असं वाटावं. एकेका खोलीला बत्तीस-बत्तीस कोपरे. ते पुसून चौकोन करायला जो वेळ लागला त्यात मुलीने दोन आळ्या हाताने काढल्या असत्या, आणि तसं तिने बोलूनही दाखवलं.

खरं दुखणं मात्र वळचणीचं आहे. वरून भिंत दिसत नाही. वरून पत्रा दिसतो. भिंत पत्र्याच्या आत कुठे एक फूट, कुठे दोन फूट. नकाशात घर काढायचं तर भिंतीचं, आणि डोळ्यांपुढे आहे ते छप्पर. आता त्या दोन फुटांचं काय करायचं? ज्याने गावठाणात आयुष्य काढलंय त्याला हे दोन फूट म्हणजे काय ते सांगायला नको. तुमच्या पत्र्याच्या पागोळ्या माझ्या बोळात पडतात, या एका मुद्द्यावरून महाराष्ट्रात जितकी माणसं एकमेकांच्या लग्नाला गेलेली नाहीत तितकी दुसऱ्या कशावरून नसतील. आणि तो मुद्दा एसीत बसून, डबा खाता खाता, एका क्लिकमध्ये निकालात काढायचा.

म्हणून तर गावठाणाच्या मोजणीत आधी फक्की मारतात. केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली. आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याच्याही आधी ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला होता. रीत अशी, की ज्याने त्याने आपल्या मिळकतीची हद्द दाखवायची, त्यावर चुन्याची पांढरी रेघ मारायची आणि मग ड्रोन उडवायचा. ड्रोनला हद्द दिसत नाही, चुना दिसतो. उत्तम पद्धत आहे. फक्त, संध्याकाळी मारलेली फक्की रात्री कोणी पायाने पुसून चार बोटं पलीकडे मारली, तर ड्रोन सकाळी येऊन ती सरकलेली रेघच सेंटिमीटरच्या अचूकतेने टिपतो. अचूकता ही तंत्राची बाजू झाली. चार बोटं ही भावकीची.

रेघा काढून झाल्या की पुढचा प्रश्न, हे गाव आहे कुठे? हसू नका. गाव कुठे आहे ते गावकऱ्यांना माहीत असतं, फाइलला सांगावं लागतं. आणि सांगताना अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर फाइल तक्रार न करता ऐकते. सासवड साधारण 18.3 उत्तर आणि 74 पूर्व. उलटं टाका: 74 उत्तर, 18.3 पूर्व. नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंड नावाचं एक बेट आहे. त्याच्या नैऋत्येला चाळीस-पन्नास किलोमीटरवर, बर्फगार पाण्यात, सासवड उगवतं. एसटी स्टँडसकट. सीताफळाचा बाजार तिथे कसा भरेल कल्पना नाही, पण सॉफ्टवेअरला त्यात वावगं काहीच वाटत नाही.

विदर्भाचं दुखणं निराळं. नकाशे मीटरमध्ये मांडायला पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेत. 78 अंश रेखांशाला एक पट्टा संपतो आणि दुसरा लागतो, आणि ही अदृश्य रेघ कोणालाही न विचारता बरोबर महाराष्ट्रातून जाते. पुणे, नाशिक, अमरावती 43 क्रमांकाच्या पट्ट्यात; वर्धा, यवतमाळ, नागपूर 44 मध्ये. दोन्हीकडचे आकडे दिसायला सारखेच. वर्ध्याचं काम करताना घाईत कोणी 44 च्या जागी 43 निवडला, तर अख्खा जिल्हा सहा अंश पश्चिमेला सरकतो. मी एकदा हिशोब करून पाहिला. सेवाग्राम जाऊन पडतं ते गुजरातच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात, दांडीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. गांधीजी दांडीला 1930 मध्ये गेले आणि सेवाग्रामला 1936 मध्ये राहायला आले; ड्रॉपडाउनमधली एक चूक त्यांचा प्रवास उलटा फिरवते, आणि तोही मिठाशिवाय.

समजा पट्टा बरोबर निवडला. फाइल आर्किटेक्टकडे जाते. तो उघडतो आणि फोन करतो, "फाइल रिकामी आहे." रिकामी नसते. कॅडमध्ये शून्य-शून्य नावाचा एक बिंदू असतो, आर्किटेक्ट जन्मभर त्याच्या आसपास बंगले काढत आलेला असतो, आणि आपलं गाव तिथून उत्तरेला वीस लाख मीटर दूर बसलेलं असतं. "सर, झूम एक्स्टेंट्स करा." करतात. गाव दिसतं. पण इतक्या दूर हॅच फाटतं, कर्सर थरथरतो, वर्तुळं वेडीवाकडी दिसतात. मग ते स्वाभाविक माणुसकीने गाव उचलतात आणि शून्य-शून्यावर आणून ठेवतात. त्यातही ए-वन कागदावर नीट बसावं म्हणून जरासं फिरवतात. पंधरा दिवसांनी तीच फाइल आमच्याकडे येते, त्यात त्यांचा सुंदर ले-आउट असतो, आणि निरोप, "जागेवर आखून द्या." कुठल्या जागेवर?

यात एककांची मजा आणखी वेगळी. आम्ही मीटरवाले, ते मिलिमीटरवाले, आणि कॅडच्या लेखी दोन्ही नुसते आकडे. त्यांनी हौसेने आपल्या ब्लॉकच्या साठ्यातला 900 मिलिमीटरचा दरवाजा उचलून चावडीच्या खोलीला लावला. आमच्या नकाशात तो 900 मीटर झाला. चावडीत सुरू झालेला दरवाजा ओढ्यापलीकडच्या उसात जाऊन संपत होता, आणि तो कुठल्या बाजूला उघडतो ते दाखवणारा पाव वर्तुळाचा कंस शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरला होता. याच्या उलट केएमएल फाइलवाले. ही फाइल अंशांत बोलते. तिला तशीच्या तशी कॅडमध्ये ओतली की किलोमीटरभर पसरलेलं गाव एका एककाच्या शंभराव्या हिश्शात मावतं. एकक मिलिमीटर धरलं तर केसाहून बारीक. वाद मिटवायला याहून चांगला नकाशा नाही. हद्दी कोणालाच दिसत नाहीत.

उंचीबद्दल फार बोलत नाही, कारण लोक घाबरतात. ड्रोनचा जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून. खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या कुठे वर असते, कुठे खाली. जगातला सर्वांत खोल भाग हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, सुमारे 106 मीटर खाली. त्याच्या उतारावर आपण राहतो. त्यामुळे ही दुरुस्ती न करता कोकणातल्या किनाऱ्यालगतच्या घराची उंची काढली तर ती उणे साठच्या घरात येते. बाप्ये पडवीत चहा पीत बसलेले, आणि नकाशाप्रमाणे डोक्यावर वीस मजले पाणी. शिवाय ड्रोनला वरचा पृष्ठभाग तेवढा दिसतो, जमीन नव्हे. समोच्च रेषा आपोआप काढायला सांगितल्या की कडब्याच्या गंजीची टेकडी होते, वडाचा डोंगर होतो, आणि उभ्या उसाच्या बांधाला कडा लागतो. या रेषांची फाइल एवढी जड होते की आर्किटेक्टचा कॉम्प्युटर ती उघडताना मान टाकतो, आणि फोन आम्हालाच येतो.

मग नावं. जीआयएसमध्ये प्रत्येक घराच्या मागे एक तक्ता असतो: मिळकत क्रमांक, भोगवटादार, क्षेत्र. शेपफाइल म्हणून जी एक फाइल आपण म्हणतो ते खरं तर एकत्र कुटुंब आहे. आकार एका फाइलीत, तक्ता दुसरीत, कुठे कोण बसलंय याची यादी तिसरीत, पट्टा कोणता ते चौथीत. लोक त्यातला नुसता थोरला ईमेलवर पाठवतात. सगळे आले तरी सरधोपट डीएक्सएफ केली की घराचा आकार तेवढा पुढे येतो; तक्ता मागे राहतो. शेत आलं, सातबारा राहिला. म्हणून नावं मजकूर म्हणून वेगळी टाकावी लागतात, आणि तिथे कॅडचे जुने एसएचएक्स फॉन्ट आडवे येतात. त्यांना देवनागरी येत नाही. ज्या वळणाचं अक्षर त्यांच्याकडे नाही तिथे ते प्रश्नचिन्ह ठेवतात. परिणामी सबंध गावठाणाच्या नकाशात घरोघर भोगवटादाराच्या जागी छापून येतं, '????'. ओढ्याकाठच्या जागेवर तर दोन ओळी भरून प्रश्नचिन्हं. तिथे कोर्टात दावा चालू होता, त्यामुळे तेवढं एक बरोबर आलं होतं.

हे सगळं पाहिलं की मला जुन्या मोजणीदारांचा हेवा वाटतो. कंपनी सरकारच्या गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून रुजली आणि पुढे मुंबई इलाख्यात पसरली. हत्यार काय, तर 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद, झाला गुंठा. 1089 चौरस फूट. आजही आम्ही चौरस मीटरमध्ये चार दशांश दिले तरी समोरचा माणूस शांतपणे विचारतो, "गुंठ्यात किती?" त्या काळच्या माणसाला पिक्सेल नव्हते, ढग नव्हता, पट्टे नव्हते. शंकू-साखळी घेऊन तो बांधावर उभा राही, भोवती दोन्हीकडचे खातेदार, पाटील, कुलकर्णी, चार बघे. जी काही हमरीतुमरी व्हायची ती तिथेच व्हायची. ती संपल्यावर तो टिपणात आकडे लिही, आणि त्यावरून थेट रेघ निघे. जमिनीची रेघ करायचं काम भांडणाऱ्यांच्या समोर उरकलं जाई. आता मोजणी ठिपक्यांची होते, वर आभाळात, बिनबोभाट, आणि रेघ निघते तिथे भांडायला कोणी हजर नसतं. सगळी जबाबदारी एका मुलीवर आणि तिच्या माउसवर. तिने विचारलं, "सर, इथे भिंत पत्र्याच्या किती आत धरू?" तर सर म्हणणार, "नेहमीसारखी धर." ही 'नेहमी' कधी सुरू झाली ते सरांनाही आठवत नाही. सर म्हणजे मीच.

आमचा नकाशा कायदेशीर हद्दीचा पुरावा नाही, मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच धरावी, असं आम्ही कोपऱ्यात छापतो. ते वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

अशाच एका कामाची प्रिंट खिशात घालून एक तात्या ऑफिसात आले. पंचायतीने अंतर्गत रस्त्यांसाठी गावठाणाचा नकाशा करून घेतला होता, 1:500 चा, आणि त्यात तात्यांच्या आणि धाकट्या भावाच्या अंगणामधली रेघ आली होती. त्यांनी चष्मा पुसला, कागद टेबलावर पसरला आणि मुलीला विचारलं,

"पोरी, ही रेघ माझ्यात हाय का त्याच्यात?"

"बरोबर मधोमध आहे, तात्या."

"मधोमध हाय त्ये दिसतंय. रेघेची जाडी कुणात धरलीय?"

तिने आधी समजावून सांगितलं, की कॅडमधल्या रेघेला जाडी नसतेच, ती छापताना येते. तात्या म्हणाले, "मग छापता कशाला?" तेव्हा तिने हिशोब केला. छापील रेघ पाव मिलिमीटरची. पाचशेपट केली की जमिनीवर साडेबारा सेंटिमीटर.

"इंचात सांग."

"पाच इंच."

तात्या माझ्याकडे वळले. "पाच इंच नुसती रेघच खाती आमची, साहेब."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मुलीने रेघेची जाडी 0.13 केली आणि नवी प्रिंट काढून दिली. अडीच इंच वाचले. तात्यांनी चहा घेतला, तिला "शानी हाय" म्हणून सर्टिफिकेट दिलं आणि कागदाची घडी छातीशी धरून गेले.

दुपारून धाकटे भाऊ आले. त्यांच्या हातात जुनी, जाड रेघेची प्रिंट होती, तिचीही झेरॉक्स, आणि झेरॉक्सवाल्याने मशीनवर 'फिट टू पेज' दाबून काढलेली. ती आता 1:500 राहिली नव्हती; किती झाली होती ते झेरॉक्सवाल्यालाही सांगता आलं नसतं. पण त्यांनी घरी पट्टी लावून मोजलं होतं, आणि दादाचं अंगण वाढलं होतं. मी त्यांना कागदाचं प्रमाण समजावलं, पत्रा आणि भिंत समजावली, पट्टासुद्धा समजावला. त्यांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ड्रोन पुन्हा एकदा उडवा. आदल्या रात्री फक्की ते स्वतः मारतील.